छातीला नळी लावण्याआधी डॉक्टर काय काय बघतात? खोकला अंगावर काढून दर्यात जाणाऱ्यांसाठी



इंजिनाचा आवाज बदलला की आपल्या तांडेलाला झोपेतसुद्धा कळतं. ड्रायव्हर लगेच खाली उतरतो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवतो, दुसरं कानाशी धरतो आणि सांगतो, आवाज कुठून येतोय ते. डिझेलचं पिंप किती भरलंय ते आपण झाकण न उघडता, नुसतं बोटाने वाजवून सांगतो. बोटीला आपण एवढं जपतो. पण बोटीवरच्या माणसाची छाती घरघरायला लागली की काय म्हणतो? "थंडी बाधली असेल, गोळी घे आणि झोप."

गेल्या हंगामातली गोष्ट. मालकाने परवानगी दिली म्हणून सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. आमच्यातल्याच एका ट्रॉलरवर ओडिशाचा एक तरुण खलाशी होता. जेटीवर बर्फ चढवतानाच खोकत होता. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली घेतली आणि बोटीवर चढला. तिसऱ्या दिवशी अंगात ताप, उजव्या बरगडीखाली कळ. तांडेलाने तापाची गोळी दिली. संध्याकाळी तो चार शब्द बोलून थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचे चार शब्द. तांडेलाने मालकाला कळवलं. मालक म्हणाला, "मासळी लागतेय, एक दिवस बघ." बोट वळली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा शर्ट काढायला लावला, मागे जाऊन पाठ बोटाने वाजवली, मग नळी लावली. म्हणाले, "उजवीकडे खाली पाणी साचलंय, न्यूमोनिया आहे." एक्स-रेमध्ये तेच निघालं. पाणी काढावं लागलं, बरेच दिवस इस्पितळात गेले. पोरगा वाचला, घरी गेला. मालक आम्हांला म्हणाला, "डॉक्टरांना पाच मिनिटांत जे कळलं, त्यातलं अर्धं आमच्या डोळ्यांसमोर दोन दिवस होतं. आम्हांला बघता आलं नाही."

म्हणून हा लेख. डॉक्टर छाती कशी तपासतात हे आपल्याला कळलं तर दोन फायदे आहेत. एक, दवाखान्यात गेल्यावर ती तपासणी आपण नीट करू देऊ. दोन, त्यातला पहिला भाग, म्हणजे नुसतं बघणं आणि श्वास मोजणं, आपण बोटीवर आणि घरातही करू शकतो. बोट वळवायची की नाही हे त्यावर ठरतं.

तपासणीचे टप्पे चार: बघणं, हात लावणं, वाजवणं आणि ऐकणं. नळी सगळ्यात शेवटी येते.

१) बघणं

तुम्ही दारातून आत येता तिथूनच तपासणी सुरू होते. चालत आलात की धरून आणलं? खुर्चीत बसल्यावर हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकलात का? ज्याला श्वास पुरत नाही तो माणूस आपोआप असा बसतो. एक वाक्य एका दमात पुरं होतंय की मध्येच श्वास घ्यावा लागतोय?

मग श्वास मोजतात. धडधाकट मोठा माणूस बसल्याजागी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हाच आकडा ३० किंवा त्याहून वर गेला तर प्रकरण गंभीर समजायचं. श्वास मोजताना डॉक्टर कधी कधी तुमचं मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवतात. कारण "तुझे श्वास मोजतो" म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. ही युक्ती तांडेलानेही लक्षात ठेवावी. मोजायचं पुरं एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चूक होते.

शर्ट काढल्यावर छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते बघतात. एक बाजू मागे राहिली तर दुखणं बहुधा त्याच बाजूला. मानेचे स्नायू ताणले जातायत का, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय का, ओठ आणि जीभ निळसर दिसतायत का, हेही बघतात. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या किंवा धुरात काम केलेल्या काही म्हाताऱ्यांची छाती पिंपासारखी गोल झालेली असते. हाताची नखं बघतात तेव्हा पुष्कळांना वाटतं, खोकल्याचा आणि नखांचा काय संबंध? पण फुप्फुसाच्या काही जुन्या आजारांत बोटांची टोकं फुगतात आणि नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकतात. पायांना सूज असेल तर लक्ष काळजाकडेही जातं, कारण धाप काळजाच्या दुखण्यानेही लागते.

२) हात लावणं

डॉक्टर गळ्याच्या खालच्या खळग्यात बोट ठेवतात तेव्हा श्वासनळी मधोमध आहे का ते चाचपतात. छातीत एका बाजूला खूप पाणी किंवा हवा साठली तर नळी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. मानेतल्या गाठीही बघतात. क्षयाच्या गाठी पुष्कळदा तिथेच सापडतात.

मग पाठीवर दोन्ही तळवे ठेवतात, अंगठे मणक्यापाशी जुळवतात आणि लांब श्वास घ्यायला सांगतात. छाती फुलली की अंगठे एकमेकांपासून दूर जातात. दोन्ही सारखे सरकले तर ठीक.

नंतर "एक, दोन, तीन म्हणा" असं सांगतात. आपल्याला हसू येतं. पण बोलताना छाती थरथरते आणि ती थरथर डॉक्टरांच्या तळव्याला लागते. न्यूमोनियाने फुप्फुसाचा भाग घट्ट झाला की थरथर वाढते. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये पाणी आलं की कमी होते. म्हणून पुटपुटू नका, जाळं ओढताना देतो तसा मोकळा आवाज द्या.

३) वाजवणं

डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट ठेवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टकटक करायचं. हवेने भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं. न्यूमोनियाने घट्ट झालेला भाग बद्द वाजतो. पाणी साचलं असेल तर दगडावर ठोकल्यासारखं अगदी मुकं वाजतं. फुप्फुसाला भोक पडून बाहेर हवा साठली असेल तर ढोलासारखं जास्तच घुमतं.

पिंपाची आठवण झाली ना? मूळच तिथलं आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड औएनब्रुगर, व्हिएन्नात डॉक्टर झाला. त्याचा बाप दारूची पिंपं वाजवून आत किती माल शिल्लक आहे ते ओळखायचा, आणि ते बघूनच मुलाला छाती वाजवायचं सुचलं, असं सांगतात. १७६१ मध्ये त्याने यावर छोटं पुस्तक काढलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे नेपोलियनचा डॉक्टर कोर्विझार याने १८०८ मध्ये ते फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठे जगाने ते उचललं.

४) ऐकणं

आता नळी. ही नळीसुद्धा पॅरिसच्या एका डॉक्टरने आपल्या ड्रायव्हरसारखाच विचार करून काढली. रेने लाएनेक त्याचं नाव. त्या काळी डॉक्टर थेट छातीला कान लावत. १८१६ मध्ये त्याच्याकडे एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला बरं वाटेना. लाकडी वाशाच्या एका टोकाला खरवडलं की दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं, हे त्याला आठवलं. त्याने कागदाची गुंडाळी करून छातीला लावली, आणि कानापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आलं. मग त्याने लाकडाची नळी केली आणि १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला. छातीतले आवाज जगाला शिकवणारा हा माणूस १८२६ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, क्षयानेच गेला.

डॉक्टर काय ऐकतात?

निरोगी छातीत झावळ्यांतून वारा जावा तसा मऊ आवाज असतो.

चुरचुर आवाज आला तर न्यूमोनिया, काळजाचं दुखणं किंवा फुप्फुसाचा जुना आजार यांचा संशय येतो. हा आवाज कसा असतो हे बघायचं असेल तर कानाजवळची केसांची बट दोन बोटांत धरून चोळा. किंवा तापल्या तव्यावर मीठ टाका.

शिट्टीसारखा आवाज म्हणजे श्वासाच्या वाटा आवळल्यात. दमा, विडी-सिगारेट, इंजिन रूमचा धूर ही त्याची नेहमीची कारणं.

भिजलेला दोर कप्पीवर कुरकुरावा तसा आवाज आला तर फुप्फुसावरचं आवरण सुजलंय. अशा माणसाला श्वास घेताना बरगडीत सुई टोचल्यासारखं दुखतं.

आणि काहीच आवाज नाही, तेव्हा डॉक्टर सगळ्यांत सावध होतात. तिथे पाणी असेल किंवा हवा. दम्याच्या माणसाची शिट्टी अचानक बंद झाली आणि तो दमून गप्प पडला, तर तो बरा झालेला नसतो. वारा आत जाणंच थांबत आलेलं असतं. त्याला तसाच उचला आणि इस्पितळात न्या.

आपण कुठे चुकतो

शर्टावरून नळी लावून घेऊ नका. कापडाचं घासणं आणि छातीतली चुरचुर जवळजवळ सारखीच ऐकू येते. डॉक्टर घाईत असले तरी आपण स्वतःच शर्ट वर करावा आणि म्हणावं, "डॉक्टर, पाठीकडूनही बघा." फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो.

श्वास तोंड उघडं ठेवून, सावकाश, लांब घ्या. नाकाने फुसफुस केलं की त्याचाच आवाज नळीत येतो. चक्कर यायला लागली तर सांगा आणि थांबा.

घरच्या बायामाणसांसाठी एक वेगळी गोष्ट. मासळी बाजारात दिवसभर बसून, घरी येऊन चुलीच्या धुरात स्वयंपाक करून खोकणाऱ्या पुष्कळ जणी लाजेपोटी तपासून घेत नाहीत. तपासताना नर्स किंवा घरची बाई शेजारी हवी असं सांगायचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. डॉक्टरांनी आधी विचारावं, मगच हात लावावा. पाठीकडून पुष्कळसं तपासता येतं. सैल कपडे घालून गेलात तर सोपं होतं.

खलाशाला दवाखान्यात पाठवताना त्याची भाषा समजणारा माणूस बरोबर द्या. ओडिया, कन्नड, हिंदी जी असेल ती. मालकाच्या माणसाने त्याच्या वतीने उत्तरं दिली तर "किती दिवस खोकतोस" याचं खरं उत्तर डॉक्टरांना मिळत नाही. पगार कापला जाईल म्हणून पोरगं दोन दिवस म्हणतं, असतात दोन आठवडे.

आणि सांगताना लपवू नका. ताप किती दिवस, रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का, बेडक्याचा रंग काय, रक्त पडलं का, विडी किती, घरात कुणाला क्षय आहे का. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या खाऊन बंद करणं तर सगळ्यांत वाईट.

हेही समजून घ्या की नळीला सगळं ऐकू येत नाही. छाती स्वच्छ वाजली, स्वच्छ ऐकू आली, तरी न्यूमोनिया किंवा क्षय असू शकतो. म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे किंवा बेडक्याची तपासणी सांगितली तर "उगाच खर्च" म्हणू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायलाच हवा. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दर महिन्याला सरकारकडून पैसे मिळतात. ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १,००० रुपये झाली आहे.

घरातल्या लहानग्यांसाठी

लहान मुलांत श्वास मोजणं हे नळीपेक्षाही कामाचं. मूल शांत असताना किंवा झोपेत, रडत नसताना, पोटाकडे बघत पुरं एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, एवढे श्वास असतील तर ते जलद श्वास आहेत. डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, किंवा मूल पीत नसेल, ग्लानीत असेल, तर उजाडायची वाट बघू नका.

बोटीवर काय करायचं

प्रत्येक बोटीवर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं छोटं यंत्र ठेवा असं आम्ही सगळ्या मालकांना सांगतो. जाळ्याच्या दुरुस्तीला लागतं त्यापुढे त्याची किंमत काहीच नाही. आकडा ९५ ते १०० असला तर बरा. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरला दाखवायचं. ९० च्या खाली गेला तर तातडी. पण बर्फात काम केलेला गार, ओला हात लावू नका. पुसून, चोळून गरम करा आणि मग लावा, नाहीतर आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतं. म्हणून आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही.

पुढचं एक जरी दिसलं तरी बोट वळवायची:

बसल्याजागी मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास.
एका दमात वाक्य पुरं होत नाही.
ओठ किंवा जीभ निळसर.
माणूस बरळतोय किंवा जागा राहत नाही.
खोकल्यातून रक्त, किंवा छातीत अचानक कळ येऊन धाप.
ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली.

माणसाला आडवा पाडू नका. टेकून, बसता ठेवा. इंजिन रूमपासून दूर, वाऱ्यावर. वायरलेसवर १६ नंबरच्या चॅनेलवर कळवा. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. जेटीवरच्या माणसाला आधीच सांगून १०८ ची गाडी उभी ठेवा, म्हणजे धक्क्याला लागल्यावर वेळ जाणार नाही.

पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल एक शब्द. वर काढल्यावर तो "मी बरा आहे" म्हणतो आणि आपण कामाला लागतो. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर धाप पुढच्या काही तासांतही वाढू शकते. त्याला बसवा, गरम ठेवा, श्वास मोजत राहा. खोकला किंवा धाप असेल तर वर लिहिल्याप्रमाणेच, किनारा गाठा.

शेवटी मालकांना सांगायचं ते असं, आणि आम्हीही मालकच आहोत. बोट रिकामी वळवली तर डिझेल जातं, बर्फ जातो, खलाशांचा वाटा बुडतो. हे आम्हांला कुणी सांगायला नको. पण त्या दिवशी "एक दिवस बघ" म्हणणारा मालक आज दर फेरीआधी जेटीवर उभा राहून प्रत्येकाला विचारतो, "खोकला आहे काय रे?" हो म्हटलं तर त्याला घरी ठेवतो आणि अर्धा वाटा देतो. त्यामुळे आता पोरं खोटं बोलत नाहीत.

यंदा आपल्या प्रत्येक बोटीवर दोघांना तरी श्वास मोजायला शिकवूया. घड्याळ सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. आज रात्री घरीच सुरुवात करा, शेजारी झोपलेल्या माणसाचे एक मिनिट श्वास मोजा. निरोगी श्वास एकदा नीट ओळखीचा झाला की बिघडलेला लगेच कळतो, इंजिनासारखाच.

हा लेख तुमच्या तांडेलाला नक्की पाठवा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.